तिसऱ्या काट्याचा नंबर

आमच्या साखर कारखान्यात थंडगार खोली एकच आहे आणि तिचा मालक मी आहे, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. खरं म्हणजे ती खोली सर्व्हरची. एसी त्याच्यासाठी लावला आहे, खुर्ची त्याच्याकडे बघत बसण्यासाठी दिली आहे आणि मी त्या खुर्चीबरोबर आलो आहे. उन्हाळ्यात एमडी साहेब हातात एखादी फाइल धरून येतात, कपाळ पुसतात, ‘नेटवर्क कसं आहे?’ असं विचारतात आणि तासभर हलत नाहीत. त्या तासात नेटवर्क उत्तमच असतं.

कारखाना श्रीरामपूरच्या बाजूचा, एवढं सांगितलं तरी पुरे. मी बेलापूरचा. पूर्वी गावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून चेअरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला मास्तर म्हणतात. आमच्याकडे माणसं दोन प्रकारची, कायम आणि हंगामी. कायम माणसाला कॉलनीत खोली मिळते, दवाखान्याचं कार्ड मिळतं आणि सोयरिकीच्या बैठकीत चहाचा पहिला कप मिळतो. हंगामी माणूस दिवाळी झाली की येतो, धुराडं थांबलं की जातो. दोघं शेजारी बसून तेच काम करतात, फक्त एकाचं नाव पावसाळ्यातही असतं आणि दुसऱ्याचं नसतं. मी तिसऱ्या प्रकारचा, वार्षिक करारावरचा. मला दोन्हीकडचे लोक आपला मानत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडचे माझ्याशी मोकळं बोलतात.

तिसऱ्या काट्यावरचा क्लार्क हंगामी होता. काटा म्हणजे उसाची भरलेली गाडी अख्खी उभी राहील असा जमिनीलगतचा लोखंडी ओटा आणि त्याच्या कडेला क्लार्कची काचेची केबिन. पहिल्या दोन काट्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर. तिसरा मागच्या फाटकाशी, फक्त बैलगाड्यांसाठी. हा माणूस जामखेड तालुक्यातला, खर्ड्याच्या अलीकडच्या वस्तीवरचा, म्हणून त्याला सगळे पाहुणे म्हणत. त्याच्या देखत गेटवरची कुत्री म्हातारी झाली, दोन वॉचमन रिटायर झाले, एक चेअरमन पडला आणि पुन्हा निवडून आला. हा मात्र पाहुणाच राहिला.

त्याची बायको त्याच्याबरोबर नसायची. ती भावाच्या टोळीतून कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायची. म्हणजे हंगामात नवरा एका कारखान्यात ऊस मोजायचा आणि बायको दुसऱ्या कारखान्यासाठी ऊस तोडायची. तिची कंबर गेली होती. कायम झालो की कॉलनीत खोली मिळेल, खोली मिळाली की तिच्या हातातला कोयता सुटेल, हा त्याचा हिशेब. या हिशेबात तिसरी ओळ नव्हती.

यंदा हंगामाच्या आधी एमडी साहेबांनी त्याला माझ्यासमोर, अर्थात माझ्याच थंड खोलीत, सांगितलं, “बैलगाड्या कमी झाल्यात. संचालक म्हणतात, तिसरा काटा बंदच करा. मी म्हटलं, एक हंगाम बघू. हा हंगाम काटा न थांबता चालवून दाखवा, तुमचं नाव कायमच्या यादीत मी स्वतः घालतो. थांबला, तर मग काटाही नाही आणि मलाही काही सांगू नका.”

साहेब गेल्यावर पाहुणे माझ्याकडे वळले. “मास्तर, काटा चालतो कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर चालतो तुमच्यावर. म्हंजी माझी खोली तुमच्या हातात हाय.”

“माझ्या हातात असेल तर आत्ताच दुसरी बघा,” मी म्हणालो.

“आसं वंगाळ बोलू नगा,” ते म्हणाले आणि हसले. आम्ही दोघंही हसलो. आम्हाला हसायला तेव्हा वेळ होता.

गव्हाणीची, म्हणजे मिलमध्ये ऊस टाकतात त्या खळग्याची, पूजा झाली, संचालकांनी फेटे बांधून पहिली मोळी टाकली, फोटो निघाले आणि गाळप सुरू झालं. तिसऱ्या काट्याचा कॉम्प्युटर पावसाळाभर गोदामात प्लास्टिकखाली होता. तो आणून बसवला, त्याला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर पाटी आली की तुमच्या नंबरावर दुसरं कोणीतरी आहे. बाहेर पहिली बैलगाडी ओट्यावर चढून उभी होती. वजन दिसेना, पावती निघेना. गाडीवानानं बैलांना पुन्हा खाली उतरवलं आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी उगीचच कीबोर्ड पुसायला लागलो.

हा नंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी अ‍ॅड्रेस लागतो. आम्ही त्याला नुसता नंबर म्हणतो. सर्व्हर हे नंबर वाटतो, जो येईल त्याला मोकळा असेल तो देतो. पण काही यंत्रांना दर वेळी तोच नंबर लागतो, म्हणून तो सर्व्हरवर त्यांच्या नावानं राखून ठेवता येतो. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. तिसऱ्या काट्याचा रुमाल मी फार पूर्वीच टाकलेला होता. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर रुमाल जागच्या जागी. यंत्राची खूण बरोबर, नंबर बरोबर. ते रिझर्वेशन मी पुसून पुन्हा केलं. सर्व्हर बंद करून चालू केला. काट्याचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग दोन्ही एकदम बंद करून, मनातल्या मनात खंडोबाचं नाव घेऊन चालू केले. पाटी तीच.

सर्व्हरला विचारलं, या नंबरावर कोणाला बसवलंस? तो म्हणाला, कोणाला नाही. आणि त्याचं खरं होतं. जो प्रवासी कंडक्टरला न विचारता मागच्या खिडकीतून आत शिरतो, त्याची खबर कंडक्टरला कुठून असणार? कोणीतरी एका यंत्रात हा नंबर हातानं टाइप करून ठेवला होता.

मी त्या नंबराला हाक मारून पाहिली. कॉम्प्युटरला तशी हाक मारता येते. पापणी लवायच्या आत ओ आली. म्हणजे चोर जिवंत होता, आवारातच होता आणि तंदुरुस्त होता. फक्त कुठे होता ते तो सांगत नव्हता.

आता उपाय एकच. फोनवर पाहुण्यांना धरायचं, कारखानाभर हिंडायचं, एकेक वायर उपसायची आणि विचारायचं, आता आला का नंबर? मी अकाउंट्सपासून सुरुवात केली. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर असा हात ठेवला, जणू मी त्यांचं तान्हं न्यायला आलो आहे. शेतकी खात्यात साहेब म्हणाले, “आमची वायर काढू नका, आमचा नंबर कायम आहे.” लॅबमध्ये वायर काढली तर रसातली साखर मोजणारी मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही काढली म्हणून आज रिकव्हरी कमी लागली असं मी लिहीन.” चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये टीव्हीला वायर होती. तीही काढली. टीव्हीवर कुस्ती चालली होती, ती ऐन डावात थांबली.

“आला का?”

“न्हाई मास्तर.”

“आता?”

“न्हाई. आन् गाड्या रस्त्यापातूर गेल्यात.”

होता होता मी मोठ्या गेटवरच्या टाइम ऑफिसात पोचलो. तिथं भिंतीवर हजेरीचं मशीन आहे. कायम कामगार येता-जाता त्यावर अंगठा ठेवतात, मशीन ‘धन्यवाद’ म्हणतं. कारखान्यात आभार मानणारं ते एकच आहे. मी त्याच्या पाठीमागची वायर ओढली.

“मास्तर,” फोनमधून पाहुण्यांचा आवाज आला, “आला. पावती निघाली बघा. येवढी लांब निघाली.”

मला इतका आनंद झाला की मी वॉचमनशी हात मिळवला. वॉचमननं हात सोडला नाही. “वायर लावा आधी,” तो म्हणाला. “शिफ्ट सुटतीय. अंगठा नाही लागला तर ही माणसं मला ह्या भिंतीला लावतील.”

मी वायर लावली. मशीननं लुकलुक केलं, पुढचा माणूस आला, अंगठा ठेवला, धन्यवाद. आणि मागच्या फाटकाशी काटा पुन्हा गोठला.

हे कसं झालं ते मग हळूहळू उलगडलं. पावसाळ्यात माझा जुना करार संपतो आणि नव्यावर सही होईपर्यंत मला घरी बसवतात. नेमकं त्या दिवसांत हे मशीन आलं. त्याला नंबर द्यायचं काम टाइम ऑफिसच्या साहेबांनी स्वतः केलं. हे साहेब म्हणजे हजेरीचे बादशहा. चाळीसेक वर्षं त्यांनी गेटवर उभं राहून कोण आहे आणि कोण नाही एवढंच पाहिलं. त्यांनी एकेका नंबराला हाक मारली. बाकीचे ओ देत होते. तिसऱ्या काट्याच्या नंबरानं दिली नाही, कारण काटा गोदामात प्लास्टिकखाली होता. जो हाकेला हजर नाही त्याची जागा रिकामी, हा त्यांचा जन्माचा नियम. हंगामी यंत्र पावसाळ्यात गैरहजर असणारच, हे त्यांना सुचलं नाही. खरं तर हंगामी माणसाच्या बाबतीतही ते कोणाला सुचत नाही.

नंबर बदलायला मशीनच्या आतल्या पानावर जायचं. आत जायला मशीन चालवणाऱ्याचा, म्हणजे साहेबांचा, अंगठा ठेवायचा. आणि साहेब दसऱ्याच्या आधी छातीत दुखून गेले होते. प्रवरेच्या काठी मीही हजर होतो. अंगठ्यासकट गेले होते.

मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे फार गोड आवाजाचा माणूस होता.

“सर, अ‍ॅडमिनचा अंगठा ठेवा.”

“अ‍ॅडमिन वारले.”

“ओके सर. मग दुसऱ्या अ‍ॅडमिनचा ठेवा.”

“दुसरा केलाच नाही.”

“असं कसं सर. नेहमी दोन अ‍ॅडमिन ठेवायचे असतात.”

“मी कळवलं असतं त्यांना. पण आता रेंज नाही.”

तो म्हणाला, “सर, मशीन पूर्ण रीसेट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, मग सगळ्या कामगारांचे अंगठे नव्यानं घ्या.”

सगळ्या कामगारांचे अंगठे. हे वाक्य त्यानं फार सहज म्हटलं. मिलवर आणि बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. पावसाळ्यात अंगठे घेताना लोक लिंबू चोळत होते, खोबरेल लावत होते, कोणी दगडावर घासत होतं. एका फिटरचा शेवटी डाव्या पायाचा घ्या असं खुद्द युनियनच्या पुढाऱ्यानं सुचवलं होतं. एवढं करून मशीननं त्यांना एकदाचं ओळखलं होतं.

मी पुढाऱ्याकडे गेलो. पाहुणेही बरोबर आले, पण दाराशीच उभे राहिले. पुढारी तंबाखू मळत होता.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “काय मास्तर, एका हंगाम्याच्या काट्यापायी आमच्या सगळ्या कायम माणसांनी पुन्हा अंगठं द्यायचं?”

“एक दिवसाचं काम आहे, अण्णा.”

“तुमचा एक दिवस. मागल्या टायमाला दोन महिने चालला तुमचा एक दिवस. आन् मशीन पुसलं, तर आत्तापर्यंतचा आमचा ओव्हरटाइम कुठं शोधायचा? तुमच्या एसीत?”

“तो सर्व्हरवर आहे. मी दाखवतो.”

“दाखवू नका. जे दिसतं त्याचीच भीती वाटती.” त्यानं दाराकडे पाहिलं. “पाहुणे, राग मानू नका. तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही शिमग्याला जाणार, आम्ही हितंच राहणार.”

“व्हय अण्णा,” पाहुणे म्हणाले. “तेच मिटवाया बघतुया मी.”

वाटेत मी पाहुण्यांना हसवायला म्हणालो की आपण वारलेल्या साहेबांच्या घरी जाऊ, कदाचित घरच्या कोणाचा तरी अंगठा त्यांनी आत घालून ठेवला असेल. गंमत म्हणून म्हणालो, पण दोघंही खरंच गेलो. बुडत्या माणसाला पाण्यावरचा फेसही धरावासा वाटतो.

साहेबांच्या पत्नींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, चहा केला. मी जमेल तितक्या अदबीनं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्येच पदर तोंडाला लावत होत्या. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

“गॅसवाल्याला त्यांचा अंगठा पाहिजे,” त्या म्हणाल्या. “रेशनवाल्याला पाहिजे. आता तुम्ही आलात. माणूस होता तेव्हा कुणी पाणी विचारलं नाही, आता त्यांच्या अंगठ्याला केवढी मागणी.”

“दुसऱ्या कोणाचा आत घातला होता का, वहिनी?”

“त्यांनी? घरच्या कपाटाची किल्ली मला बारा दिवसांनंतर सापडली, भाऊ. ते मशीनमध्ये दुसऱ्याला घेतील?”

पाहुण्यांनी निघताना वाकून नमस्कार केला. वहिनींनी विचारलं, “तुमचं काय अडलंय त्यात?” ते म्हणाले, “खोली.” त्यांना काही कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

उलट बाजूनं का नाही केलं, असं कोणीही विचारेल. अंगठ्याचं मशीन राहू दे तिथं, काट्यालाच नवा नंबर द्या. मीही दुसऱ्या दिवशी त्याच आवेशात निघालो होतो. पण ओट्याखालून वजन येतं ते एका लोखंडी पेटीत, आणि ती पेटी ते वजन एका ठरलेल्या नंबराच्या कॉम्प्युटरला धाडते. तो ठरलेला नंबर तिच्या पोटात लिहिलेला. आणि पेटीला वजनमापाच्या निरीक्षकांचं तारेचं सील. सील तोडलं की काटा बेकायदा. निरीक्षकांसमोर ते रीतसर उघडायचं, तर नव्यानं तपासणी, आणि तपासणीची पाळी हंगाम संपल्यावर. अंगठ्याचं मशीन वेगळ्या छोट्या जाळ्यात टाकता आलं असतं. त्यासाठी एक डबी, म्हणजे राउटर, विकत आणावी लागत होती. डबीची मागणी मी खरेदी समितीकडे दिली. समितीतले दोन सदस्य एकमेकांच्या शेजारी बसत नव्हते, त्यामुळे ती समिती बसतच नव्हती. स्वतः आणलेली डबी लावू नये, असं मला लेखी कळवण्यात आलं. कारखान्यात आजवर मला इतक्या लवकर कशाचंच उत्तर आलं नव्हतं.

तर एकीकडे मेलेल्या माणसाच्या अंगठ्यानं बंद झालेलं मशीन आणि दुसरीकडे सरकारी सीलनं बंद झालेली पेटी. दोन्ही एकाच नंबरावर बसलेली, आणि मध्ये पाहुणे.

मग आम्ही चोरी केली. गेटचा वॉचमन म्हणजे तोच, भिंतीला लावतील म्हणणारा. त्याचं मन वळवलं. अंगठ्याच्या मशीनची वायर काढली तरी मशीन अंगठे आतल्या आत साठवून ठेवतं, हे मी त्याला प्रत्यक्ष दाखवलं. तेव्हा ठरलं असं की दिवसभर वायर काढलेली ठेवायची, तिसऱ्या काट्यावर गाड्या नसल्या की पाहुण्यांनी फोन करायचा, वॉचमननं वायर लावायची, साठलेले अंगठे सर्व्हरवर येऊ द्यायचे आणि वायर पुन्हा काढायची. वॉचमननं वायरीच्या टोकाला फडकं बांधून ती कुंडीमागे दडवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुंडीच विजेवर चालते.

आणि काय सांगू, काटा धावायला लागला. बैल चढत होते, पावत्या फडफडत होत्या. गाडीवान मोठ्या फाटकाऐवजी मुद्दाम मागच्या बाजूला यायला लागले. पाहुण्यांनी केबिनची काच पुसली, बसायच्या पोत्याला गोधडीचं अस्तर लावलं. एका दुपारी मला म्हणाले, “मास्तर, चला. याक गोष्ट दावतो.”

कॉलनीतली एक खोली रिकामी होती. कडीला तार गुंडाळलेली. ती त्यांनी अलगद सोडली. आत चुना उडालेला, कोपऱ्यात फुटकी बादली, खिडकीला एक गज कमी.

“हितं शेगडी,” ते म्हणाले. “हितं पान्याचा माठ. आन् खाट ह्या बाजूनं, म्हंजी तिला उठताना भिताडाला धरता यील.”

“भिंत ओली आहे,” मी म्हणालो. आशा दिसली की तिला टाचणी लावायची माझी सवय आहे.

“असू द्या की. पाऊस आल्याबिगर भित्त वली व्हती का? आमच्याकडं भित्त बी कोरडी, हीर बी कोरडी.” मग फोन काढून त्यांनी बायकोला लावला. ती फडात होती. त्यांनी तिला व्हिडिओवर खोली दाखवली. मला फक्त तिचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली, “खिडकीचा गज बसवून घ्या,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी पाहुणे कुठून तरी गज घेऊन आले. मी म्हणालो, अजून खोली मिळाली नाही. ते म्हणाले, गज तर मिळाला.

वॉचमनच्या पुतणीचं लग्न निघालं आणि तो चार दिवस रजेवर गेला. जाताना त्यानं बदलीच्या माणसाला सगळं सांगायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं, म्हणजे राहून गेलं. नवा वॉचमन कामाला प्रामाणिक होता. त्यानं कुंडीला पाणी घातलं, मागे फडक्यात गुंडाळलेली वायर पाहिली, कोणाच्या तरी पायानं निघाली असेल असं समजला, पुसली आणि मशीनला नीट लावली. ऐन दुपार होती. तिसऱ्या काट्यावर रांग होती. काटा जागच्या जागी थांबला. पाहुणे फोन करत राहिले, पण नव्या वॉचमनचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. शेवटी ते मागच्या फाटकापासून मोठ्या गेटपर्यंत पळत आले आणि शिफ्टला आलेल्या कामगारांच्या डोळ्यांदेखत त्यांनी हजेरीच्या मशीनची वायर उपटली.

एवढं पुरलं. हंगामी माणूस कायम लोकांची हजेरी बंद करतो, ही बातमी बॉयलरपर्यंत जायला, वाफेला बॉयलरपासून मिलपर्यंत यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. पुढारी आला, संध्याकाळची शिफ्ट गेटवर बसली. कोणी म्हणालं, ओव्हरटाइम खाल्ला. कोणी म्हणालं, तो मास्तर सामील आहे. हे मात्र खरं होतं.

निवाडा माझ्या खोलीत झाला, कारण बाहेर फार गरम होत होतं. एमडी साहेब खुर्चीवर, पुढारी टेबलावर, मी सर्व्हरला टेकून. पाहुणे दाराशी. मी सगळं समजावून सांगितलं. साठलेले सगळे अंगठे पडद्यावर दाखवले, एकही हरवला नव्हता. पुढाऱ्यानं ते नीट पाहिलं.

“हजेरी हाय सगळी,” तो म्हणाला. “पण वायर ओढली का नाही?”

“ओढली,” पाहुणे म्हणाले.

“मग आता हजेरी असून काय उपयोग. उद्या कोणीबी ओढंल.”

एमडी साहेबांनी डोळे मिटले. माझ्या खोलीत त्यांना कधीकधी झोप येते, पण या वेळी जागे होते. “मशीनच्या वायरीला सील करा,” ते म्हणाले. “तिसरा काटा उद्यापासून बंद. बैलगाड्या मोठ्या गेटनं घ्या.” मग पाहुण्यांकडे न बघता, “पुढच्या हंगामात बघू.”

“साहेब, पुढच्या हंगामात काटाच नसंल,” पाहुणे म्हणाले. “मग बघायचं काय?”

पुढाऱ्यानं तंबाखूची डबी पुढे केली. पाहुण्यांनी चिमूटभर घेतली.

सकाळी आम्ही दोघांनी काट्याचा कॉम्प्युटर सोडवला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि हातगाडीवर घालून गोदामात नेला. त्यांनी गाठी घट्ट मारल्या, उंदीर शिरू नयेत म्हणून. मग मला लेखी आदेश आला की तो नंबर हजेरीच्या मशीनच्या नावानं राखून ठेवावा. मी काट्याचं रिझर्वेशन पुसलं, मशीनचं घातलं. पडद्यावरची पाटी गेली. त्या दिवसापासून जाळ्यात एकही तक्रार नाही. एमडी साहेब येतात, नेटवर्क कसं आहे विचारतात, आणि आता खोटं बोलावं लागत नाही.

पाहुणे त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं गेले. मी स्टँडवर सोडायला गेलो. त्यांना काहीतरी सांगावं म्हणून मी म्हणालो, दुसऱ्या कारखान्यात ओळख आहे, बोलतो. ते म्हणाले, “बोला की.” मी बोललोही. तिकडे काट्यांवर सगळी कायम माणसं होती.

संक्रांत होऊन गेल्यावर एकदा त्यांचा फोन आला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज होता.

“मास्तर, जेवला का?”

“जेवलो. तुम्ही कुठं?”

“हितंच, कोल्लापूरकडं. काट्याच्या रांगंत. गाडी भरून आणलीया, सकाळपून उभा हाय.”

“काटा बंद पडलाय?”

“न्हाई, चालू हाय. पन ट्रॅक्टर आधी घेत्यात.”

“आणि वहिनी?”

“फडात. मी तोडतो, ती मोळ्या बांधती. पयल्यांदाच हंगामात एका खोपीत हाय आमी दोगं.”

“ते एक बरं झालं,” मी म्हणालो.

घुंगरं वाजत राहिली.

“कसलं बरं, मास्तर. वाकल्यावर तिला उठाया येत न्हाई. मी हात दिऊन उठिवतो, मग ती म्होरली मोळी बांधती.” पलीकडून कोणीतरी त्यांना ओरडून काही सांगितलं. “गाड्या सरकल्या. ठिवतो.”